मातीतून सिंथेटिकवर: विद्यापीठाच्या नव्या क्रीडा संकुलातला पहिला महिना

प्रवेशाचे दिवस संपले आणि वसतिगृहाच्या खोल्या भरल्या की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात एक दृश्य हमखास दिसतं. संध्याकाळी तीन-चार नवी पोरं मैदानाच्या कडेला उभी असतात. आत कुणी पळतंय, कुणी गोळा फेकतंय. ह्यांना आत जायचंय, पण विचारायचं कुणाला ते कळत नाही. दहा मिनिटं बघतात आणि चहाला निघून जातात. मीही त्यांतलाच होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. चप्पल कडेला काढायची आणि पळत सुटायचं. इथे कुंपण, फाटक, सूचनांची पाटी आणि पायाखाली रबर. मी पहिले तीन आठवडे नुसताच बघत राहिलो. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

विद्यापीठाच्या संकुलाला खाशाबा जाधवांचं नाव आहे. २०२२ साली तेव्हाचे केंद्रीय क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या चार वर्षं आधी लंडनमध्ये ते सहावे आले होते. तांबड्या मातीत तयार झालेल्या पैलवानाला तिथे मॅटवर लढावं लागलं, आणि नियमही वेगळे होते. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट मला ट्रॅकवर नेहमी आठवते. मातीवरून दुसऱ्या सरफेसवर जाणं खाशाबांनाही एका फटक्यात जमलं नव्हतं, मग आपण पहिल्या दिवशी दहा चकरा मारून नडग्या धरून बसलो तर त्यात नवल ते काय!

उदाहरण पुण्याचं असलं तरी कोल्हापूर, मुंबई, नागपूर, कुठल्याही विद्यापीठात गेलात तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. ट्रॅक, हॉल आणि मॅट सगळीकडे सारखेच असतात.

पहिली पायरी: पहिल्या दिवशी खेळू नका

रिकाम्या हाताने, साध्या चपलांत एक चक्कर मारून या. विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे. नकाशात बोटभर दिसणारं अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं निघतं. खोलीपासून मैदानापर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. सकाळी सहाचा सराव धरायचा तर पावणेसहाला निघायचं की साडेपाचला, हे त्यावरच ठरतं.

सूचनाफलकाचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात वेळा, सुट्टीचा वार, शुल्क, कुठे ओळखपत्र लागतं हे सगळं असतं. वेळा परीक्षेच्या काळात आणि स्पर्धांच्या दिवसांत बदलतात, म्हणून दर महिन्याला नवा फोटो. तिथे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाशी किंवा मैदानावरच्या मामांशी दोन शब्द बोला. कुठला नळ चालू असतो, दिवे किती वाजता बंद होतात, रविवारी कुठला गट येऊन अर्धं मैदान अडवतो, ही माहिती फलकावर नसते. ती मामांकडे असते.

मुलींनी ह्याच फेरीत दोन गोष्टी आवर्जून बघून घ्या: कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह खरोखर उघडं असतं का, आणि मैदानापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर दिवे असतात का. सकाळच्या बॅचला येणाऱ्या इतर मुलींचा ग्रुप असतो, त्यात आपला नंबर घालून घ्या.

दुसरी पायरी: कागद

हे पटकन उरकून घ्या. ओळखपत्र, प्रवेशाची पावती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, आधारची प्रत आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पोहण्याच्या तलावाला आणि जिमला हे प्रमाणपत्र जवळपास सगळीकडेच मागतात. दमा, फिट येणं, जुनं ऑपरेशन असं काही असेल तर ते लपवू नका. तुम्हाला नाकारायला कुणी बसलेलं नसतं. काही झालं तर शेजारच्या माणसाला काय करायचं ते ठाऊक असावं, एवढंच.

तुम्ही विद्यापीठाच्या विभागात शिकता की संलग्न महाविद्यालयात, ह्यावर तुमचं अर्ज करायचं ठिकाण ठरतं. विभागातल्या मुलांनी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जायचं, महाविद्यालयातल्या मुलांनी आपल्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे. ह्या पदाचं नाव एवढं लांबलचक आहे की सगळे त्यांना ‘पीटी सर’ किंवा ‘स्पोर्ट्सच्या मॅडम’ म्हणतात.

तिसरी पायरी: बूट, आणि बुटांच्या आधी सरफेस

इथे मात्र जरा थांबतो, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त इज्जत इथेच जाते.

माझा किस्सा ऐका. शहरातल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये मित्राने बोलावलं. मी नवेकोरे रनिंगचे बूट घालून रुबाबात आत शिरलो. दारातले काका माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत होते. म्हणाले, “जरा पाय घासा बघू इथे.” दाराशी पांढरी फरशी होती. मी पाय घासला, फरशीवर काळी रेघ उमटली. काकांनी फडक्याने ती रेघ पुसली आणि फडकं माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी अनवाणी बसून दोन तास मित्राचा खेळ बघितला.

ती फरशीची चाचणी घरी करा. नवा बूट घेताना दुकानातच पांढऱ्या कागदावर सोल जोरात घासा. रेघ उमटली तर तो हॉलचा बूट नव्हे. हॉलसाठी ‘नॉन-मार्किंग’ लागतो, म्हणजे फिकट किंवा मधाच्या रंगाच्या गम सोलचा. आणि तो रस्त्यावर घालायचा नाही. पिशवीतून न्यायचा, दाराशी बदलायचा. सोलला चिकटलेला एक खडा लाकडी कोर्टावर किंवा सिंथेटिक मॅटवर ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा पुढची कित्येक वर्षं दिसत राहतो.

ट्रॅकसाठी साधे रनिंग शूज पुरतात. स्पाइक्स, म्हणजे सोलला खिळे असलेले बूट, लगेच घेऊ नका. घेतले तर खिळ्यांची लांबी बघा. स्पर्धेच्या नियमात सिंथेटिकवर, म्हणजे रबरी ट्रॅकवर, ९ मिलिमीटरपर्यंत खिळे चालतात, उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत. पण सरावाला बऱ्याच मैदानांवर ६ किंवा ७ मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. गावाकडच्या मातीच्या ट्रॅकवर वापरलेले लांब खिळे तसेच ठेवून आलात तर आत सोडणार नाहीत, आणि सोडलंच तर पाय रबरात रुतून तुमचाच घोटा जाईल. खिळे चावीने फिरवून निघतात. चावी बुटांच्या डब्यात असते आणि पहिल्याच आठवड्यात हरवते, म्हणून ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाका.

फुटबॉलच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, लोखंडी स्टडचे बूट चालत नाहीत. बारीक रबरी दाण्यांच्या सोलचे, ‘टर्फ शूज’ म्हणून मिळतात ते घ्या. ह्या गवताच्या पात्यांमध्ये वाळू आणि रबराचा काळा चुरा भरलेला असतो. तो मोज्यांतून खोलीवर येतो, अंथरुणात येतो, बादलीत येतो. मोजे मैदानाबाहेरच झटका, नाहीतर रूममेट बोलायचा बंद होईल. उन्हाळ्यात दुपारी हे टर्फ तव्यासारखं तापतं. घसरून पडलात तर कातडी सोलवटते आणि ती जखम खरचटण्यापेक्षा भाजल्यासारखी जळजळते. लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, चुरा आत राहू देऊ नका.

कबड्डी, खो-खोवाल्यांनो, तुम्हालाही आता मातीची सवय मोडावी लागणार. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तो मॅटवरच, आणि भारताने दोन्ही गटांत जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, पुण्याचेच. मॅटवर पाय मातीसारखा घसरत नाही, जागच्या जागी थांबतो. वळताना शरीर पुढे जातं आणि गुडघा मागे राहतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस निम्म्या वेगाने नुसतं वळण्याचा सराव करा. बोटांची नखं कापून या, अंगठ्या, कडी, गळ्यातली चेन काढून ठेवा.

चौथी पायरी: ट्रॅकवरची रीतभात

आतल्या लेनची एक चक्कर म्हणजे ४०० मीटर. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे जसजसे बाहेर जाल तशी चक्कर लांबते. आठव्या लेनमधली पूर्ण चक्कर साधारण ४५४ मीटरची होते. तिथे दहा चकरा मारल्यात तर तुम्ही चार नव्हे, साडेचार किलोमीटर पळालात. घड्याळाशी भांडत बसू नका.

पळायचं ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने, डावा हात आत ठेवून. पहिली आणि दुसरी लेन वेळ लावून पळणाऱ्यांची. चालणाऱ्यांनी, गप्पा मारणाऱ्यांनी, वॉर्मअप करणाऱ्यांनी सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये राहायचं. मागून “ट्रॅक!” अशी हाक आली तर मागे वळून बघू नका, डावीकडे उडी मारू नका, सरळ एक लेन बाहेर सरका. नवी माणसं दचकून नेमकी आत घुसतात आणि दोघेही आपटतात. शर्यत संपल्यावर लेनमध्येच कंबर धरून वाकून उभं राहायची सवय टीव्हीवरून लागते. ती सोडा, मागून अजून कुणी येत असतं.

ट्रॅकच्या आतलं मैदान रिकामं दिसलं तरी ते आडवं ओलांडू नका. तिथे भाला आणि थाळी येत असते. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा असतो आणि हवेत आवाज न करता येतो. मी एकदा बाटली आणायला म्हणून सरळ मधून निघालो, आणि पलीकडून कोणीतरी माझ्या नावाने नव्हे तर माझ्या आईच्या नावाने ओरडलं. दहा पावलांवर भाला जमिनीत उभा होता. त्यानंतर मी कायम वळसा घालून जातो.

ह्या ट्रॅकवर सायकल, स्कूटर, खुर्ची, डंबेल्स, तंबूचे खुंट काहीही आणायचं नाही. वरचा सिंथेटिक थर जेमतेम १३ मिलिमीटरचा असतो आणि त्याखाली डांबर. एक कोपरा फाटला की पाणी आत शिरतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. च्युइंगम आणि गुटखा ह्यांबद्दल लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच जण सकाळी दिसतील. मुलांना १,६०० मीटर म्हणजे बरोब्बर चार चकरा, मुलींना ८०० म्हणजे दोन. ह्यांच्यासाठी एक सूचना: सगळा सराव सिंथेटिकवर करू नका. भरतीचं मैदान मातीचं निघालं तर तुमची वेळ काही सेकंदांनी मागे पडते, आणि भरतीत काही सेकंद म्हणजे काही गुण. आठवड्यातून दोन दिवस माती ठेवा. गोळाही मुलांनी ७.२६० किलोचा आणि मुलींनी ४ किलोचाच उचला, हलक्या गोळ्यावर खूश होऊ नका.

आणि नडग्या. मातीवर वाढलेले पाय सिंथेटिकवर पहिल्या महिन्यात हमखास कुरकुरतात. सरफेस उसळी देतो, आपण भान विसरून वेगात पळतो, आणि पंधराव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला ठणका सुरू होतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड या. वॉर्मअप आणि शेवटचं हळू पळणं कडेच्या गवतावर किंवा मातीवर करा. एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

पाचवी पायरी: हॉलमध्ये

बहुउद्देशीय हॉलमध्ये पहिल्यांदा गेलात की जमिनीवर रांगोळी काढल्यासारख्या रेघा दिसतील. २८ बाय १५ मीटरचं बास्केटबॉल, १८ बाय ९ चं व्हॉलीबॉल आणि १३.४० बाय ६.१० ची दोन-तीन बॅडमिंटन कोर्टं, सगळी एकावर एक आखलेली. रंग वेगवेगळे असतात. खेळ सुरू करण्याआधी आपला रंग कुठला ते बघून कडेकडेने एक फेरी मारा. नाहीतर बॅडमिंटनचं फूल (शटल) बाहेर गेलं की आत पडलं ह्यावर अर्धा तास वाद होतो आणि शेवटी कळतं की दोघेही व्हॉलीबॉलच्या रेघेकडे बघत होते.

बॅडमिंटनला पंखे बंद, खिडक्या बंद. उकडतं, पण जरा वारा आला तरी पिसांचं फूल भरकटतं. शिकाऊ असाल तर पिसांचं फूल घेऊ नका, एका संध्याकाळी तीन मोडतील. नायलॉनचं घ्या. नंबर लावायची पद्धत प्रत्येक हॉलची वेगळी असते. कुठे वहीत नाव लिहितात, कुठे रॅकेट रांगेत ठेवतात. कुठे जिंकलेली जोडी कोर्टावर थांबते, कुठे दोन्ही जोड्या उतरतात. सीनिअर लोक दोन गेम जास्त ओढतात, हे सगळीकडे चालतं. पहिल्या आठवड्यात त्यावरून भांडू नका. चौथा माणूस कमी पडला की तेच तुम्हाला हाक मारतील.

सहावी पायरी: जिम

जिममध्ये नव्या माणसाचा पहिला घोळ रॉडवर होतो. मोठा ऑलिंपिक रॉड एकटाच २० किलोचा असतो. दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेट लावल्या म्हणजे २० नव्हे, ४० झाले. छातीवर रॉड अडकून हात फडफडवणारी मुलं मी पाहिली आहेत. पहिले आठ दिवस रिकामा रॉड. टोकाला क्लिप लावल्याशिवाय उचलू नका, एकीकडची प्लेट सरकली की दुसरी बाजू उसळते. बेंचवर एकट्याने जड वजन घ्यायचं नाही, शेजारच्याला “जरा स्पॉट दे”, म्हणजे रॉड सांभाळायला जवळ उभा राहा, असं म्हणायला लाजू नका. टॉवेल स्वतःचा आणा, घाम पुसा, प्लेट जिथून काढल्या तिथे ठेवा. ह्या तीन गोष्टी करणाऱ्याला सगळे शिकवायला तयार असतात.

काही दुखलंखुपलं तर

पाय मुरगळला की आपल्याकडे पहिला हात जातो तो मालिशवर. पहिले दोन दिवस मालिश नको, शेक नको. बूट काढा, पाय उशीवर उंच ठेवा, रुमालात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, दोन-तीन तासांनी परत. बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर एक्स-रे काढा. मॅचमध्ये परत उतरायची घाई करू नका. मी केली होती, अजून थंडीत तो घोटा सांगतो.

शेवटची पायरी: संघात यायचं असेल तर

खेळ हौसेपुरता असेल तर इथवरचं पुरे. स्पर्धेत उतरायचं असेल तर कॅलेंडर आधी समजून घ्या. आपल्या विद्यापीठात स्पर्धांसाठी चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विभागाचा संघ, मग आंतरविभागीय, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातो, राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ला जातो. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, तिथलं दारही आंतरविद्यापीठ कामगिरीतूनच उघडतं. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र लॅमिनेट न करता जपून ठेवा. पडताळणीच्या वेळी मागे सही-शिक्का बघतात, आणि प्लास्टिकच्या आतला कागद तपासताना अडचण होते.

अर्जांची धावपळ पावसाळ्यातच सुरू होते. पोरं दिवाळीनंतर विचारायला येतात तेव्हा बहुतेक खेळांचे संघ निघालेले असतात. म्हणून प्रवेश झाल्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत पात्रता अर्ज मागून घ्या. जन्मतारीख, बारावीचं वर्ष, आत्ताचा वर्ग हे दाखल्यावर आहे तसंच लिहा. वर्षाचा एक आकडा चुकला की खेळ कितीही चांगला असो, पुढच्या संघाच्या यादीतून नाव वगळलं जातं.

आणि पीटी सरांना केबिनमध्ये शोधू नका. सकाळी साडेसहा ते आठ ते मैदानावर असतात, गळ्यात शिट्टी आणि हातात चहा. दोन-चार दिवस वेळेवर दिसलात तर चौथ्या दिवशी ते स्वतःच विचारतील, “काय रे, नाव काय तुझं? कुठला?”